भूक लागण्याआधी खाणारा सायकलस्वार

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. कारखान्यांच्या पाळीला सायकलवर जाणारे कामगार या रस्त्याला नवे नाहीत. अलीकडे मात्र पहाटे डोक्यावर हेल्मेट घालून नाथसागराच्या दिशेने निघालेले हौशी सायकलस्वारही इथे दिसतात. अशा हौशी मंडळींपैकी काहींच्या मनात एक मोठी सहल घोळत असते, ती म्हणजे फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून सायकलने फिरण्याची. बोर्दो, बर्गंडी, अल्सास किंवा रोन नदीचे खोरे यांपैकी एखादा भाग निवडायचा, नकाशा काढायचा, मुक्काम ठरवायचे आणि विमानाचे तिकीट काढायचे. एवढे झाले की सहलीचे नियोजन पूर्ण झाले, असे वाटते. पण रोज पाच-सहा तास सायकल चालवणाऱ्या शरीराचे नियोजन कोणी करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका फ्रेंच माणसाने अर्धे आयुष्य घालवले. त्यांचे नाव पॉल द व्हिव्ही. फ्रान्स त्यांना ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखतो आणि सायकल-पर्यटनाचे जनक मानतो. वाईनच्या प्रदेशात जन्मलेल्या आणि तिथेच आयुष्यभर सायकल चालवलेल्या या माणसाने सायकलस्वाराला दिलेल्या सल्ल्यांपैकी एक सल्ला असा होता की, सहलीत वाईनला हात लावू नये.

रेशमाचा व्यापारी

वेलोसिओंचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. हा प्रोव्हान्सचा प्रदेश. एका बाजूला सुमारे १,९०० मीटर उंचीचा मों व्हांतू हा उघडाबोडका डोंगर आणि दुसऱ्या बाजूला रोन नदीकाठचे द्राक्षमळे. जगप्रसिद्ध ‘शातोनफ-द्यु-पाप’ वाईनचे गावही इथून फार लांब नाही. तरुणपणी ते रेशमाच्या धंद्यात शिरले आणि सेंत-एतियेन या शहरात स्थायिक झाले. पैठणचे नाव जसे पैठणीशी जोडलेले आहे, तसे सेंत-एतियेनचे नाव त्या काळी रेशमी फितींशी जोडलेले होते. तिशीच्या आतच वेलोसिओंचा स्वतःचा व्यापार उभा राहिला. घरसंसार होता, पैसा होता. त्या काळच्या सुखवस्तू व्यापाऱ्याला आणखी काय हवे असते?

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८८१ मध्ये, त्यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान. चेन नाही, गिअर नाही. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले. रस्त्यात खड्डा आला तर स्वार तोंडावर आपटायचा. अशा सायकलवर सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, असे आव्हान त्यांना मिळाले आणि त्यांनी शेज-द्यू या डोंगरी गावाकडे सायकल हाणली. पैज तर झालीच, पण परतताना त्यांच्या मनात भरून राहिले ते डोंगर, जंगल आणि मोकळी हवा. पेढीवर बसून हिशेब करणाऱ्या माणसाला आपल्याच शरीराच्या ताकदीने एवढ्या लांब जाता येते, हा शोध त्यांच्यासाठी नवा होता.

रेशमाच्या व्यापारासाठी त्यांचे इंग्लंडमध्ये जाणे-येणे होते. तिथले कोव्हेंट्री शहर तेव्हा सायकल उद्योगाचे केंद्र होते. तिथल्या नव्या सायकली पाहून त्यांचे मन रेशमातून उडाले. १८८७ मध्ये त्यांनी व्यापार विकून टाकला, सेंत-एतियेनमध्ये सायकलींचे दुकान काढले आणि एक मासिक सुरू केले. पुढे ते ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. जवळपास त्याच सुमारास, १८८८ मध्ये, इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातही सायकलच्या दुकानानेच झाली. किर्लोस्कर सायकलकडून नांगराकडे आणि कारखानदारीकडे वळले. वेलोसिओ मात्र सायकलपाशीच थांबले. दुकानापेक्षा मासिक आणि मासिकापेक्षा प्रवास, असा त्यांचा प्राधान्यक्रम होता.

चढावर उमगलेले गणित

सेंत-एतियेनच्या दक्षिणेला ‘कोल द ला रेपुब्लिक’ नावाची खिंड आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर, तर खिंड १,१६१ मीटरवर. तिथून पलीकडे उतरले की रोन नदीचे खोरे आणि तिथल्या उतारांवरचे द्राक्षमळे सुरू होतात. म्हणजे मळ्यांकडे जायचे तर आधी हा घाट चढणे आले.

१८८९ मध्ये वेलोसिओंनी ‘गोलवाज’ नावाची सायकल तयार केली. दोन सारखी चाके, चेन, पण गिअर एकच. असे सांगतात की, ते एकदा हीच सायकल घेऊन घामाघूम होत हा घाट चढत होते. तेवढ्यात त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाइप धरून आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. चाळिशीकडे झुकलेल्या वेलोसिओंना दोन गोष्टी कळल्या. वय वाढणार आणि ताकद घटणार, हे टाळता येणार नाही. पण पायावर येणारा भार तर कमी करता येईल!

हे गणित समजून घेण्यासारखे आहे. सायकलच्या पुढच्या चक्राला ५० दाते आणि मागच्या चक्राला २५ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल ४.२ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण चढावर ताशी नऊ किलोमीटरचा वेग असेल, तर या गिअरमध्ये पाय मिनिटाला जेमतेम ३५ वेळा फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला मांडी व गुडघ्यावर प्रचंड जोर येतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात सायकल २.१ मीटरच जाते. वेग तोच, पण पाय मिनिटाला ७० वेळा फिरतात आणि दर फेऱ्याचा जोर निम्मा होतो. डोंगर तेवढाच चढायचा असतो, एकूण कामही तेवढेच असते. फक्त ते लहान लहान हप्त्यांत वाटले जाते. स्नायू लवकर थकत नाहीत आणि गुडघे वाचतात.

वेलोसिओंनी आधी एकाच सायकलला लहान-मोठी दोन चक्रे बसवली. गिअर बदलायचा तर खाली उतरून हाताने चेन सरकवावी लागे. मग चार गिअर झाले. पुढे चालत्या सायकलवरच चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणाऱ्या यंत्रणांचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. प्रत्येक प्रयोगाची परीक्षा घाटात होई आणि निष्कर्ष मासिकात छापला जाई. आपल्या कल्पनांवर पेटंट घेऊन पैसा करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. ज्याला हवे त्याने वापरावे, अशी त्यांची भूमिका होती.

शर्यतवाल्यांशी वाद

आज हे सगळे उघड वाटते. तेव्हा मात्र गिअर म्हणजे दुबळ्यांची कुबडी, असे मानले जाई. १९०२ मध्ये पर्यटकांच्या एका फ्रेंच संस्थेने पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाटात सायकलींची चाचणी घेतली. मार्त हेस ही महिला तीन गिअरची ‘गोलवाज’ घेऊन त्यात उतरली आणि एकदाही पाय जमिनीला न टेकता तिने तो मार्ग पूर्ण केल्याची नोंद आहे. तरीही आंरी देग्रांज या वजनदार संपादकाचे मत बदलले नाही. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, विजय यंत्राच्या युक्तीने नव्हे तर स्नायूंच्या बळावर मिळायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. याच देग्रांज यांनी पुढच्या वर्षी ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली आणि पहिल्याच वर्षी तिचा मार्ग वेलोसिओंच्या त्याच खिंडीतून गेला. या शर्यतीत चेन सरकवणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर वेलोसिओंना जाऊन सात वर्षे झाली होती.

हा वाद फक्त दात्यांचा आणि चेनचा नव्हता. सायकल कोणासाठी आहे, हा खरा प्रश्न होता. ती थोड्या बलदंड शर्यतपटूंसाठी असेल तर बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. ती शिक्षक, कारकून, दुकानदार, स्त्रिया आणि पन्नाशीच्या माणसांसाठी असेल, तर यंत्राने माणसाला मदत केली पाहिजे. वेलोसिओंनी आयुष्य या दुसऱ्या बाजूला लावले. त्यांच्याभोवती जमलेल्या शिष्यांचा गट रात्ररात्र सायकल चालवून पहाटे प्रोव्हान्स गाठी. दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत तिकडे जाण्याचा त्यांचा परिपाठच होता.

सात पथ्ये आणि आजचे विज्ञान

या लांबच्या प्रवासांत वेलोसिओंनी स्वतःचे शरीर हीच प्रयोगशाळा केली. काय खाल्ले की पाय चालतात, कधी झोप उडते, कशाने पोट बिघडते, याच्या नोंदी ते ठेवत. मांसाहार त्यांनी सोडला. या अनुभवातून त्यांनी सायकलस्वारांसाठी सात पथ्ये सांगितली. शंभर वर्षांनंतर ती तपासून पाहिली, तर बहुतेक टिकतात.

पहिले पथ्य थांब्यांचे. थांबे मोजके आणि छोटे असावेत. लांब विश्रांतीत स्नायू थंड पडतात आणि पुन्हा लय सापडायला वेळ लागतो, हा कोणत्याही सायकलस्वाराचा अनुभव आहे.

दुसरे पथ्य सर्वांत प्रसिद्ध आहे. थोडे थोडे पण वारंवार खावे, भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो, साधारण पाचशे ग्रॅमच्या आसपास. जोराने सायकल चालवली तर दीड-दोन तासांत तो संपत येतो. मग अचानक पाय गळतात, डोके भणभणते आणि चिडचिड होते. या टप्प्यावर खाल्लेले रक्तात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून आधीच खायचे. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे आजचे सर्वसाधारण प्रमाण आहे. दोन केळी किंवा मूठभर खजूर यांतून ते मिळते. आपल्याकडचा गूळ-शेंगदाण्याचा लाडूही सोबत न्यायला सोयीचा.

पाण्याच्या बाबतीत विज्ञानाने या पथ्याला थोडी मुरड घातली आहे. उन्हात आणि लांबच्या चढावर आधीपासून घोट घोट पाणी पीत राहणे योग्यच. पण तहान नसताना लिटरवर लिटर पाणी ढोसले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यामुळे लांबच्या प्रवासात पाण्याबरोबर थोडे मीठही पोटात गेले पाहिजे.

तिसरे पथ्य थकव्याचे मोजमाप देते. भूक मरेल आणि झोप उडेल इतके कधी दमू नये. आज मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके मोजता येतात, पण सलग पाच-सहा दिवसांच्या सहलीत ही दोन साधी लक्षणे अजूनही उपयोगी आहेत. रात्री जेवण जात नसेल आणि झोप लागत नसेल, तर दुसऱ्या दिवशीचे अंतर कमी करावे.

चौथे पथ्य कपड्यांचे. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे आणि उकडण्याआधी काढावे. सायकल चालवताना स्नायू वापरत असलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. चढावर वेग कमी असल्याने वारा लागत नाही आणि अंग घामाने भिजते. खिंडीच्या माथ्यावरून तसेच उतारावर सुटले, तर ओल्या कपड्यांवर वारा बसून हुडहुडी भरते आणि बोटे ब्रेकवर आखडतात. म्हणून माथ्यावरच जॅकेट चढवायचे.

पाचवे पथ्य म्हणजे निदान सहलीपुरते तरी वाईन, मांस आणि तंबाखू वर्ज्य. सहावे, कधीही कुवतीबाहेर जोर लावू नये, विशेषतः पहिल्या एक-दोन तासांत, कारण तेव्हा अंगात उत्साह असतो आणि साखरेचा साठा उधळला जातो. सातवे पथ्य शरीराचे नव्हे, मनाचे आहे. निव्वळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये.

वाईन मुक्कामी, खोगिरावर नाही

यातले पाचवे पथ्य सांगायला त्या काळी धाडस लागे. फ्रान्समध्ये वाईन हे तेव्हा रोजच्या जेवणाचा भाग होते. पिण्याचे पाणी अनेकदा दूषित असायचे, आणि लुई पाश्चर यांच्यासारखा शास्त्रज्ञही वाईनला आरोग्यदायी पेय मानत होता. कष्टाचे काम करणाऱ्याने वाईन प्यावी म्हणजे ताकद येते, हा सार्वत्रिक समज. वेलोसिओंनी मात्र स्वतःच्या प्रवासांतून उलटा निष्कर्ष काढला.

त्याची कारणे आज माहीत आहेत. दीडशे मिलिलिटर वाईनच्या एका पेल्यात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत तासाला त्यातले सात ते दहा ग्रॅमच निपटवते. म्हणजे एका पेल्याचा परिणाम दीड-दोन तास राहतो. त्या काळात यकृत अल्कोहोलमध्ये गुंतल्याने नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते, आणि सायकलस्वाराला तर तीच हवी असते. लघवीवाटे पाणी जास्त जाते. तोल आणि प्रतिक्रियेचा वेग घटतो. त्यात फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे भारतीय स्वाराचा मेंदू आधीच दुप्पट सावध असावा लागतो. दर लिटर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा तिथे सायकलस्वारालाही लागू आहे. शिवाय अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले आहे. त्यामुळे आरोग्यासाठी म्हणून वाईन पिण्याला आधार उरलेला नाही.

मग द्राक्षमळ्यांची सहल कशाला, असे कोणी विचारील. मळे पाहायला, माती आणि उतार समजून घ्यायला, तळघरातली पिंपे पाहायला वाईन पोटात असावी लागत नाही. चव घ्यायचीच असेल, तर ती घोळवून थुंकण्यासाठी तिथे भांडे ठेवलेलेच असते आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही. ज्यांना प्यायचीच आहे, त्यांनी सायकल मुक्कामी लावल्यावर, जेवणाबरोबर आणि मोजकी प्यावी. मधुमेह, यकृताचा विकार किंवा नियमित औषधे असतील, तर तीही नको.

रोन खोऱ्याचा मार्ग निवडला, तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे. ‘मिस्त्राल’ नावाचा जोरदार वारा याच दिशेने वाहतो आणि तो पाठीशी असलेला बरा. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळून मे किंवा सप्टेंबर गाठावा. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणीही पाहायला मिळते. दिवसाला ४० ते ६० किलोमीटर पुरेत. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

शेवटचा रस्ता

सत्तरी ओलांडल्यावरही वेलोसिओ सायकल चालवत होते. १९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ सेंत-एतियेनमध्ये त्या खिंडीपर्यंत चढण्याचा वार्षिक मेळावा सुरू झाला. त्यात मुले, स्त्रिया, म्हातारे असे सगळे येत. कोण पहिला आला यापेक्षा कोण कोण वर पोहोचले, याला तिथे महत्त्व होते. १९३० मध्ये आपल्याच शहरात सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडताना त्यांना ट्रामची धडक बसली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. हजारो किलोमीटरचे घाट आणि काळोख्या रात्री निभावून नेलेल्या माणसाला शहराच्या वाहतुकीने गाठले. आज त्या खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक आहे आणि ईस्टरला प्रोव्हान्समध्ये सायकलस्वारांचा मेळावा भरतो.

त्यांची पथ्ये तपासून पाहायला फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. चितेगावहून पैठण तीसेक किलोमीटर आहे. एका रविवारी जाऊन-येऊन करावे आणि दर अर्ध्या तासाला थोडे खावे. मग एखाद्या शनिवारी तेच अंतर कापून दुसऱ्या दिवशी सकाळी दौलताबादच्या घाटाला सायकल लावावी. सलग दोन दिवसांनंतर रात्री भूक चांगली लागली आणि झोप शांत आली, तर तयारी योग्य मार्गावर आहे. घाटात एखादा तरुण मागून येऊन पुढे निघून गेला, तर त्याला खुशाल जाऊ द्यावे आणि आपण एक गिअर हलका करावा. एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अशाच एका चढावर वेलोसिओंनी नेमके हेच ठरवले होते.